समुद्र वर्षाला एक मिलिमीटर वाढतोय की तीन? मुंबईच्या आकड्यांबद्दल शंका

गेजपट्टी (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी नदीची पातळी वाचण्यात गेली. पट्टी वाचायची, वहीत लिहायची, वायरलेसवर वर कळवायची. पूर असला की तासातासाला. समुद्राशी संबंध म्हणाल तर कधीमधी अलिबागला जाणं, तेवढाच. पण सध्या समुद्र आमच्या घरात शिरलाय. नात अकरावीला आहे. तिने प्रकल्पाला विषय घेतला, मुंबईच्या किनाऱ्यावरची समुद्रपातळी आणि पाण्याचं तापमान. नाशकात राहून गोदावरी सोडून हिला मुंबईचा समुद्र का सुचावा? विचारलं, तर म्हणाली, "आजोबा, मुंबईचे आकडे फुकट मिळतात, एका क्लिकवर." पुढे बोलायची सोयच राहिली नाही.

तर तिने इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या संस्थेची फाइल उतरवून घेतली. जगभरच्या भरतीमापकांचे आकडे ही संस्था १९३३ पासून गोळा करते. मुंबईच्या अपोलो बंदरची नोंद तिथे १८७८ पासूनची आहे! हिंदी महासागरात इतकी जुनी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ज्याने कोणी ते पहिले आकडे लिहिले त्याला माझा नमस्कार, कारण पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन पट्टी वाचणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

आता शंका.

एक. फाइलमधले आकडे सात हजारांच्या आसपास आहेत आणि एकक मिलिमीटर. म्हणजे सात मीटर. समुद्राची सरासरी पातळी सात मीटर कशी? कुठून सात मीटर?

दोन. नातीने एक्सेलमध्ये रेषा टाकली, ती भलतीच निघाली. अधूनमधून आलेख पाताळात जातो. ते बाजूला ठेवून मी कागदावर सुरुवातीची काही वर्षं आणि अलीकडची काही वर्षं यांची सरासरी काढून वजाबाकी केली, तर वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. वर्तमानपत्रात मात्र तीन, साडेतीन, कधी चार असे आकडे येतात. दोन्ही एकाच समुद्राचे?

तीन. तापमानाची जी तालिका मिळाली ती १८५० पासून आहे. १८५० साली अरबी समुद्रात थर्मामीटर घेऊन कोण बसलं होतं?

माझा मूळ प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे. आमच्या कामात पहिला धडा असायचा: पट्टीचा शून्य कुठे आहे ते आधी सांग, मग आकडा सांग. नाशिककरांना वेगळं सांगायला नको. पूर आला की आपण विचारतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. समजा उद्या कोणी मारुतीचा ओटाच हातभर उंच केला, तर तेवढाच पूर आला तरी पाणी गळ्याऐवजी छातीला लागेल, आणि लोक म्हणतील गोदामाय शांत झाली. दीडशे वर्षांत मुंबईत भराव पडले, गोद्या बांधल्या, धक्के दुरुस्त झाले. समुद्राच्या मारुतीचा ओटा कोणी हलवला नाही, याची खात्री काय?

अवांतर: नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जन्मभर ती पाटी वाचत आलो. पण समुद्रच चढत असेल तर दर काही वर्षांनी पाटी रंगवायला नको का?

---

सातपूरची_सई

काका, धागा आवडला. मी कारखान्यात क्वालिटीला आहे, समुद्रातलं कळत नाही, पण फाइल उघडून पाहिली. आलेख पाताळात जातोय कारण ज्या महिन्याची नोंद नाही तिथे त्यांनी −९९९९९ लिहिलंय. एक्सेलला वाटतं समुद्र खरोखरच शंभर मीटर खाली गेला. ते सगळे आकडे शोधून रिकामे करा. शून्य टाकू नका, रिकामेच ठेवा.

दुसरं, पहिल्या रकान्यात १८७८.०४१७ असं काहीतरी दिसेल. तो जानेवारी आहे. महिन्याचा मधला दिवस वर्षाच्या अपूर्णांकात लिहिलाय. पुढचा महिना ०.०८३३ ने वाढतो. हे एकदा कळलं की सोपं आहे.

तिसरं, रिकामे महिने आहेत म्हणून वर्षाची सरासरी थेट काढू नका. एखाद्या वर्षी पावसाळ्याचेच महिने गायब असतील तर ते वर्ष उगाच वेगळं दिसेल. आधी प्रत्येक महिन्याची सगळ्या वर्षांची सरासरी काढा, म्हणजे सगळ्या जानेवारींची एक, सगळ्या फेब्रुवारींची एक. मग प्रत्येक आकड्यातून त्या-त्या महिन्याची सरासरी वजा करा. जे उरेल त्यावर रेषा टाका. आम्ही मशीनच्या रीडिंगला शिफ्टनुसार हेच करतो, रात्रपाळीचं दिवसपाळीशी कधी जुळत नाही.

सात हजारांचं मला कळलं नाही. कोणी सांगेल का?

---

चीफसाब (गंगापूर रोड)

सात हजारांचं मी सांगतो, आणि थर्मामीटरचंही, कारण तो मी स्वतः वाचलाय. मर्चंट नेव्हीत इंजिन विभागात होतो, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. आता गंगापूर धरणाच्या पाण्यावर समाधान मानतो.

आधी सात हजार. काका, तुमची शंका त्या संस्थेलाही होती. प्रत्येक बंदराचा शून्य वेगळा, तोही मध्ये मध्ये बदललेला. म्हणून ते प्रत्येक ठिकाणी किनाऱ्यावरच्या पक्क्या बेंचमार्कवरून, म्हणजे रोवलेल्या कायमच्या खुणेवरून, एक ठरावीक पातळी बांधून घेतात, सरासरी समुद्राच्या साधारण सात मीटर खाली. मुद्दाम इतकी खाली, म्हणजे एकही आकडा उणे येत नाही. हे सात मीटर काल्पनिक आहेत, त्यांना अर्थ नाही. अर्थ आहे तो वर्षानुवर्षं तोच बेंचमार्क धरला याला. भरतीमापक बदलला, धक्का बदलला, तरी डम्पी लेव्हल (उंची जुळवायची दुर्बीण) लावून नवं यंत्र जुन्या बेंचमार्कशी जोडायचं. जिथे ही जोडणी कागदोपत्री सिद्ध होत नाही, तो तुकडा ते कल काढायच्या यादीत घेत नाहीत. तुमचा ओटा त्यांनी असा बांधून ठेवलाय.

पण बेंचमार्क ज्या जमिनीत रोवला ती जमीनच हलली तर? इथे खरी गंमत आहे. भरतीमापक समुद्राची उंची जमिनीच्या तुलनेत सांगतो. कोलकात्याच्या खाली हुगळीवर डायमंड हार्बर आहे. तिथे १९४८ ते २००५ या काळाचा कल वर्षाला ५.१६ मिलिमीटर निघतो, आणि मुंबईचा १८७८ ते १९९३ चा ०.७४. समुद्र एकच, मग एवढा फरक का? डायमंड हार्बर त्रिभुज प्रदेशातल्या गाळावर आहे, तो गाळ दबतोय. तिथला बराचसा आकडा जमीन खचण्याचा आहे. मुंबई बेसॉल्टवर. शिवाय हिमयुग संपल्यावर पृथ्वीचं कवच अजूनही सावरतंय, त्याची दुरुस्ती धरली की मुंबईचा आकडा सुमारे १.२ पर्यंत जातो. उत्तर हिंदी महासागरातल्या जुन्या, भरवशाच्या केंद्रांची सरासरी १.३ च्या आसपास येते. तुम्ही कागदावर केलेली वजाबाकी बरोबर आहे, काका.

मग वर्तमानपत्रातले तीन कुठून येतात? काळ वेगळा. जगाची सरासरी घेतली तर १९०१ ते १९७१ मध्ये वर्षाला १.३ मिलिमीटर, १९७१ ते २००६ मध्ये १.९, आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७. वेग वाढत गेलाय. आपल्या उत्तर हिंदी महासागराचंही तेच, १९९३ ते २०१७ या काळात ३.३. तुमची रेषा १८७८ पासूनच्या संथ काळाला धरून चाललेली आहे, म्हणून ती बारीक दिसते. आणि १९९३ हेच साल का, तर १९९२ च्या ऑगस्टमध्ये टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह गेला, तिथून समुद्राची उंची आकाशातून रडारने मोजणं सुरू झालं. त्याला जमीन खचली-उचलली याच्याशी देणंघेणं नाही, तो पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतो. त्याच्यामागून जेसनची मालिका आली. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या इस्रोने फ्रेंचांबरोबर सरल हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीवर पाठवला, तोही याच कामाचा.

तीस वर्षांच्या रेषेची दीडशे वर्षांच्या रेषेशी तुलना करताना मात्र जपून. आपल्याकडे मॉन्सूनचे वारे दशकादशकाने कमीजास्त होतात, पाणी इकडून तिकडे ढकललं जातं. काही दशकं पातळी थबकलेली दिसेल, मग एकदम चढलेली. दहा-पंधरा वर्षांचा तुकडा कापून कोणी काही सिद्ध करायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता थर्मामीटर. १८५० साली बोटीवरचा खलाशी बादली समुद्रात सोडायचा, वर ओढायचा, त्यात थर्मामीटर बुडवून आकडा लॉगबुकात लिहायचा. १८५३ साली ब्रसेल्सला परिषद भरली, त्यात या नोंदी एकाच पद्धतीने कशा लिहायच्या ते ठरलं. १८६९ ला सुएझ उघडल्यावर एडन-मुंबई या वाटेवर गर्दी झाली, म्हणून अरबी समुद्राच्या त्या पट्ट्यातल्या नोंदी दाट आहेत आणि बाकीच्या विरळ. बादली बहुतेक कॅनव्हासची. वर ओढेपर्यंत वारा लागून पाणी बाष्पीभवनाने गार व्हायचं, अंशाच्या काही दशांशाने. लाकडी बादलीत कमी गार व्हायचं.

पुढे बोटी वाफेवर, मग डिझेलवर आल्या. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं. ते जिथून येतं ती सी-चेस्ट पाण्याखाली काही मीटर खोल असते. त्या पाइपवर थर्मामीटर बसवलेला. दर वॉचला चौथा इंजिनिअर तो वाचणार आणि लिहिणार. मी ज्युनिअर असताना हे काम माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर तो हवामानशास्त्रासाठी कोणी वाचत नव्हतं. कूलरचं गणित समुद्र ३२ अंश धरून केलेलं असायचं. त्याच्या वर गेला की इंजिनची काळजी. पर्शियन आखातात ऑगस्टमध्ये तो ३४-३५ दाखवायचा आणि सगळ्यांचे चेहरे उतरायचे. पण अर्धा अंश कोण बघतो? काटा ३१ आणि ३२ च्या मध्ये असला की ज्याच्या मनात जे येईल ते. शिवाय इंजिन रूमची धग त्या पाइपलाही लागते, म्हणून आमचा आकडा जरा चढाच यायचा.

म्हणजे बादलीवाले गार सांगणार, आम्ही गरम. दुसऱ्या महायुद्धात काय झालं बघा. युद्धकाळात अमेरिकी जहाजांच्या नोंदी जास्त, ती इंजिनवाली. ऑगस्ट १९४५ नंतर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी एकदम वाढल्या, ती बादलीवाली. जगाच्या समुद्राचं तापमान कागदावर एकाएकी सुमारे ०.३ अंशाने उतरलं. समुद्र काही तेवढा गार झाला नव्हता. ही गोष्ट नीट उकलायला २००८ साल उजाडलं. आता तरंगते बोये आहेत. ते जहाजांपेक्षा सरासरी ०.१२ अंश कमी दाखवतात, तीही दुरुस्ती करतात. १८५० पासूनची जी तालिका नातीला मिळाली ती अशा दुरुस्त्या करून तयार केलेली असते, आणि जितकं मागे जाल तितकी तिच्यातली अनिश्चितता मोठी. तिला म्हणावं, तालिकेबरोबर अनिश्चिततेचा रकाना असेल तर तोही आलेखावर काढ. परीक्षक खूश होईल.

एवढं सगळं धुऊन काढल्यावर जे उरतं ते तरीही लहान नाही. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये साधारण एक अंशाने तापल्याचं दिलंय. त्याच काळात जगाच्या समुद्राची सरासरी ०.७. बादली, पाइप, बोया यांच्या भांडणातले आकडे दशांशात आहेत. हे पूर्ण एक अंश.

---

बागाईतदार_पिंपळगाव

राम राम मंडळी. चीफसाहेब, वाचून मजा आली, पण आमच्या कामाचं सांगा. समुद्र तापला म्हणून आमच्या द्राक्षबागांवर अवकाळी पडतो का? ऑक्टोबर छाटणी झाली, घड फुलोऱ्यात आले, की आभाळ भरून येतं. डाऊनी ही बुरशी येते, फवारण्यांचा खर्च दुप्पट. मण्यात पाणी उतरायच्या वेळेला पाऊस झाला तर मणी तडकतात, माल निर्यातीला जात नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारा पडल्या, त्या आठवड्यात बांधावर उभं राहवत नव्हतं. टीव्हीवाले सांगतात अरबी समुद्र तापला. खरं का?

---

चीफसाब (गंगापूर रोड)

बागाईतदार, मी हवामानखात्यातला नाही, पण वाचलंय ते सांगतो. एखादी विशिष्ट गारपीट समुद्राच्या एक अंशावर ढकलता येत नाही. नोव्हेंबर ते मार्चच्या गारांमध्ये पश्चिमेकडून येणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, लागतो, वरची थंड हवा लागते, आणि खालून बाष्प लागतं. समुद्र पुरवतो ते बाष्प. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे बाकीचं जमून आलं तर पाऊस जोराचा. जमून येणं हे समुद्राच्या एकट्याच्या हातात नाही.

चक्रीवादळांचं मात्र अरबी समुद्रात स्पष्ट दिसतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन काळ ताडून पाहिले. अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली, बंगालच्या उपसागरात थोडी घटलेली. एकट्या २०१९ मध्ये वायू, हिक्का, क्यार, महा, पवन अशी पाच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि घाट ओलांडून आपल्या जिल्ह्यापर्यंत आलं. त्या रात्री माझ्या सोसायटीतलं गुलमोहराचं झाड आडवं झालं. समुद्र इथून लांब आहे हे मनातून काढा. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. गोदावरी पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जाते म्हणून आपल्याला तो लांबचा वाटतो.

---

रोखठोक

सगळं खरं धरलं तरी एक सांगा. गेटवे ऑफ इंडिया १९२४ ला बांधून झाला. अपोलो बंदर तिथेच. शंभर वर्षांत समुद्र वाढला असता तर गेटवे पाण्यात असता. मी दर वर्षी जातो, पायऱ्या होत्या तिथेच आहेत. अनुदानं लाटायचे धंदे आहेत हे.

---

गेजपट्टी (पंचवटी, नाशिक)

रोखठोक साहेब, हिशेब करू. वर्षाला ०.८ धरा, शंभर वर्षांत ८ सेंटिमीटर. गेटवेच्या पायरीची निम्मी उंची. आणि तिथे उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. पाच मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यात अर्धी पायरी डोळ्यांना दिसणारच नाही. तुम्ही गेलात तेव्हा भरती होती की ओहोटी, हेसुद्धा तुम्हाला आठवणार नाही. म्हणून तर पट्टी लागते आणि रोज लिहिणारा माणूस लागतो.

अर्धी पायरी म्हणजे काहीच नाही असंही समजू नका. नदीवर मी एक गोष्ट पाहिलेली आहे. मूळ पातळी चार बोटं वर सरकली तर रोजच्या पाण्यात काही कळत नाही. पण इशारा पातळी ओलांडणारे दिवस वाढतात. जे पाणी पूर्वी काठाला टेकून परत जायचं ते आता काठावरून आत येतं. मुंबईत दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा छापून येतात, त्या उगाच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यात दुपारची मोठी भरती. नाल्यांचं पाणी जायला वाटच उरली नाही.

चीफसाहेब, या साडेचार मीटरचा शून्य कुठला? पिवळ्या पाटीचाच का?

---

चीफसाब (गंगापूर रोड)

नाही, तो तिसरा. भरतीच्या तक्त्यातले मीटर चार्ट डेटमपासून असतात, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खोल ओहोटीच्या पातळीपासून. कारण नकाशा बघणाऱ्या कप्तानाला बोट टेकणार नाही ना, एवढीच चिंता. म्हणून ४.५ मीटरची भरती ऐकून समुद्र साडेचार मीटर वर आला असं कोणी समजू नये. सरासरी पातळीच त्या शून्याच्या काही मीटर वर असते.

आणि पिवळी पाटी रंगवायची गरज नाही. तिथली समुद्रसपाटी म्हणजे आजचा समुद्र नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाने मुंबई, कराची, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांवरच्या जुन्या नोंदींची सरासरी शून्य धरली आणि तिथून देशभर लेव्हलिंगचं जाळं विणलं. ते १९०९ चं जाळं. तो शून्य गोठवलेला आहे. पुढे नवी मोजणी झाली तरी तत्त्व तेच: शून्य एकदा ठरवून कुलूप लावायचं. समुद्र चढो की उतरो, नाशिकरोडची पाटी त्या कुलपापासून मोजलेली.

---

सातपूरची_सई

एक राहिलं. काकांच्या नातीने पातळी आणि तापमान दोन्ही घेतलंय. दोन्हींचा संबंध एकाच आलेखावर दाखवता येईल का? गरम पाणी फुगतं, एवढं शाळेत शिकलोय.

---

चीफसाब (गंगापूर रोड)

येईल, पण सापळा आहे. फुगण्याचा हिशेब असा. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्याचा शंभर मीटर जाड थर एक अंशाने तापला तर तीनेक सेंटिमीटर फुगतो. तोच थर पाच अंशांचा असेल तर जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे आपल्यासारखा गरम समुद्र जास्त फुगतो. पण मुंबईच्या किनाऱ्यालगतचं पाणी उथळ, फुगायला तिथे खोलीच नाही. पातळी वाढते ती मुख्यतः खोल समुद्र फुगून आणि बर्फ वितळून. नंतर ते पाणी सगळीकडे पसरतं. हवेत अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते. १९७१ ते २०१८ मधल्या वाढीचा साधारण निम्मा वाटा फुगण्याचा, बाकीचा हिमनद्या, ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचा बर्फ आणि जमिनीवरून उपसलेलं पाणी यांचा.

म्हणून मुंबईचं पृष्ठभागाचं तापमान एका अक्षावर आणि अपोलो बंदर दुसऱ्या अक्षावर असं महिन्यावार मांडलं तर दोघांचं जमणार नाही. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये सगळ्यात तापतो, पावसाळ्यात वाऱ्याने ढवळला जाऊन गार होतो, ऑक्टोबरला पुन्हा थोडा तापतो. पातळीचं वेळापत्रक वेगळं. तिच्यावर वारा, किनाऱ्यालगतचा प्रवाह आणि हवेचा दाब यांचा जोर. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर. नातीला सांगा, महिने नको, दहा वर्षांच्या सरासऱ्या मांड. खोल पाण्यातल्या उष्णतेसाठी आर्गोचे तरंगते मापक बघ म्हणावं. ते दोन हजार मीटर खाली जाऊन दर दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला आकडे देतात. हिंदी महासागरातले आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राकडे मिळतात.

---

गेजपट्टी (पंचवटी, नाशिक)

सईताईंच्या सांगण्याप्रमाणे −९९९९९ काढले, महिन्यांच्या सरासऱ्या वजा केल्या. रेषा पाऊण मिलिमीटरच्या जरा वर आली. नात नाचली. मग मी तिला फक्त शेवटची काही दशकं घ्यायला लावली, फाटे कसे फुटतात ते बघायला. सुरुवातीचं साल इकडेतिकडे केलं की आकडा वेगळा येतो. ती म्हणाली, "मग खरा कुठला?" मी म्हटलं, सगळे आलेख काढ आणि प्रत्येकाखाली साल लिही.

आता उपग्रहाचे आकडे घ्यायचेत. नकाशात चौकोन निवडायला सांगतात. मुंबईला चिकटलेला चौकोन घ्यायचा का?

---

चीफसाब (गंगापूर रोड)

चिकटलेला नको. रडारचा झोत जमिनीवर पडला की प्रतिध्वनी बिघडतो, किनाऱ्यापासूनचे दहा-वीस किलोमीटर तसे कच्चे असतात. सरलचा झोत अरुंद, म्हणून तो किनाऱ्याजवळ बरा, पण तयार नकाशात सगळे उपग्रह मिसळलेले असतात. एक-दोन चौकोन सोडून पश्चिमेला सरका. तापमानाच्या उपग्रहालाही एक पाहून घ्या: १९८१ पासूनचे इन्फ्रारेडवाले ढगांतून बघू शकत नाहीत, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढगच ढग. मायक्रोवेव्हवाले ढगांतून बघतात, ते आपल्या भागाला १९९७ च्या अखेरीपासून आहेत. पावसाळ्याचे महिने त्यांच्याकडून घ्या.

आणि चौकोनाचे अक्षांश-रेखांश आलेखाखाली लिहायला लावा.